कुमुदिनी: नातीचं नाव ठरलं, आता दारात तेच फूल हवं. कासचं लावायचं की रात्री उमलणारं?

कृष्णाकाठ (सांगली)
घरात नात आली आहे. पत्रिकेत मिथुन रास निघाली, अक्षर 'कु' आलं आणि 'कुमुदिनी' हे नाव सगळ्यांना एकदम पसंत पडलं. आता कोजागिरीच्या रात्री अंगणात कुमुदिनी फुललेली असावी अशी सुनेची हौस. वैशाख चालू आहे, म्हणजे हातात साधारण पाच महिने. मागच्या अंगणात दुपारी तीनपर्यंत ऊन येतं. पाणी बोअरचं आहे आणि नळाचंही.

विचारायचं ते असं. कासच्या कुमुदिनी तळ्यात असते तीच ही का? तिथून एखादं रोप आणता येतं का? टब केवढा, माती कुठली, डासांचं काय? नेमकं सांगा, नुसतं 'छान नाव आहे' नको. (ते आहेच.)

पठारी (सातारा)
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. कास हे राखीव वन आहे. 2012 साली पश्चिम घाटातली जी 39 स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आहे. राखीव वनातून रोप, कंद, बी काहीही उचलणं हा भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हा आहे. 'एकच तर आणलं' म्हणणारे शनिवार-रविवारी किती येतात हे यवतेश्वरच्या घाटातली गाड्यांची रांग बघून कळेल.

आता पहिला प्रश्न. कास पठारावरून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने चालत गेलं की हे तळं लागतं. पठार समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटरवर, खाली सगळा जांभा. त्या कातळाच्या खोलगट भागात पाणी साठतं आणि तळाशी चिखलाचा थर असतो. त्यात जी कुमुदिनी आहे तिचं शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. फूल पांढरं, मध्यभागी पिवळं, दोन रुपयांच्या नाण्याएवढं. पाकळ्यांवर दाट पांढरे केस असतात, त्यामुळे लांबून लोकरीचं वाटतं. पान हृदयाच्या आकाराचं, पाण्यावर सपाट तरंगणारं. आपण ज्याला पानाचा देठ समजतो तो खरं तर खोडाचाच भाग असतो आणि पानाच्या अगदी खालून कळ्यांचा झुपका निघतो. हे लक्षात ठेवा, रोप वाढवताना उपयोगी पडतं.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. एक फूल एकच दिवस. रात्री बघायला गेलात तर फक्त पानं दिसतील. म्हणजे कोजागिरीला हिचा उपयोग नाही.

जलकुंड (कराड)
पठारी म्हणतात ते बरोबर. चंद्राबरोबर जिचं नातं जोडलं जातं, जिच्यामुळे चंद्राला कुमुदनाथ म्हणतात, ती वेगळी वनस्पती. ती निम्फिया प्रजातीतली, रात्री उमलणारी. आपल्याकडे तळ्यात सापडते ती निम्फिया प्युबेसेन्स. फूल 10 ते 15 सेंटिमीटर, पांढरं, गुलाबी किंवा लालसर. सूर्य मावळला की उमलायला लागतं, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहा-अकरापर्यंत उघडं राहतं आणि मिटतं. ढगाळ सकाळ असेल तर जरा जास्त वेळ. असं तीन-चार रात्री चालतं, मग देठ वळतो आणि फूल पाण्याखाली जातं.

नर्सरीत नुसतं 'वॉटर लिली द्या' म्हटलंत तर दिवसा उमलणारी संकरित जात हातात येईल. ती चांगलीच असते, पण तुम्हाला ती नको आहे. ओळखायचं असं: पान उलटं करून बोट फिरवा, खालची बाजू लवदार लागली पाहिजे. पानाची कडा टोकदार दातेरी हवी. कडा गुळगुळीत आणि पान जाड, चकचकीत असेल तर ती थंड हवेतली दिवसाची जात. नुसती दातेरी कडा बघून फसू नका, दिवसा उमलणाऱ्या काही निळ्या-जांभळ्या जातींची पानंही कडेला वेडीवाकडी असतात. लव हीच खूण धरा.

आणि विकणाऱ्याकडे रात्री काढलेला फोटो मागा. ज्याच्याकडे खरंच फुलते त्याच्याकडे असतोच.

रानफूल_वाई
कुमुदिनी म्हणजे पांढरं कमळच ना? आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

जलकुंड (कराड)
नाही ताई. कमळाचं पान आणि फूल दोन्ही पाण्याच्या वर दांड्यावर उभी राहतात, पान पूर्ण गोल असतं, त्याला खाच नसते आणि त्यावर पाणी पाऱ्यासारखं पळतं. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत खाच असते आणि ते पाण्यावर पसरतं. कमळाच्या मध्यात बियांचा चपटा झारा दिसतो, कुमुदात तो नसतो. लक्ष्मीपूजनाला बाजारात कुमुदाच्या कळ्याही कमळ म्हणून खपतात, तेव्हा गोंधळ साहजिक आहे.

दप्तरी
फुलाचं चालू द्या, मधेच नावाचं सांगून ठेवतो कारण त्याला मुदत आहे.

'कु' हे आर्द्रा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर, म्हणून मिथुन. त्याच आर्द्रेची पुढची अक्षरं घ, ङ, छ अशी आहेत, तेव्हा तुम्ही नशीबवान म्हणायचं.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. त्या वेळी नाव ठरलं नसेल तरी चालतं, नाव न घालता नोंद होते. नाव 12 महिन्यांच्या आत कळवलं तर शुल्क नाही. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण एकदा दाखल्यावर नाव चढलं की बदलायला फार खटाटोप, म्हणून आधी कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना दाखवा. कुमुदिनी: मु ऱ्हस्व, दि ऱ्हस्व, नी दीर्घ. 'कुमूदिनी' आणि 'कुमुदीनी' दोन्ही चूक आणि दोन्ही सर्रास दिसतात. इंग्रजीत दोन्ही उकारांना एकच यू ठेवा, डबल ओ नको, आणि तेच स्पेलिंग आधार, शाळा, बँक सगळीकडे. दाखला हातात आला की खिडकीवरच वाचा. घरी येऊन वाचला तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा.

सोनकी
नाव जुनं वाटतंय का कुणाला? कथकमधल्या कुमुदिनी लाखियांना 2025 साली पद्मविभूषण जाहीर झालं. जुन्या पिढीचं आहे, पण वजन आहे. सध्या 'कैरवी' फार ठेवतात, ते त्याच फुलाच्या 'कैरव' या दुसऱ्या नावावरून आलेलं. लोकांना माहीत नसतं इतकंच.

कृष्णाकाठ (सांगली)
सगळ्यांचे आभार. दाखल्याचं काम उद्याच करते. म्हणजे रात्रीची पांढरी लावायची हे ठरलं. आता टब आणि माती सांगा. अंगणात सिमेंटचा एक छोटा हौद नव्याने बांधून घ्यावा का?

जलकुंड (कराड)
नवा हौद या वर्षी नको. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो, पाणी अल्कधर्मी होतं, पानं पिवळी पडतात आणि मासे मरतात. हौद बांधलाच तर दोन-तीन आठवडे भरून ठेवायचा आणि मधेमधे पाणी बदलायचं. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे, पण कशाला?

500 लिटरची जुनी प्लास्टिकची टाकी आडवी कापा, खालचा भाग वापरा. रुंदी 80-90 सेंटिमीटर मिळते, उंची 45 ठेवा. रात्रीची कुमुदिनी पसरते. एकेक पान वीतभर ते हातभर होतं, म्हणून 60 सेंटिमीटरच्या टबात ती जगते पण फुलं कमी आणि लहान येतात. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा, हात चिरतो.

वजनाचा हिशेब करून ठेवा. 90 सेंटिमीटर रुंद आणि 45 खोल म्हणजे जवळजवळ 285 लिटर, म्हणजे मातीसकट तीनशे किलोच्या पुढे. अंगणात काही प्रश्न नाही. गच्चीवर ठेवणाऱ्यांनी तुळईच्या वर ठेवावं, स्लॅबच्या मध्यावर नाही, आणि बाल्कनीत तर नकोच.

टबात माती पसरायची नाही. आत प्लास्टिकचं घमेलं ठेवायचं, बांधकामावर असतं ते, 40-45 सेंटिमीटरचं. त्याला भोक नको. घमेल्यात माती, त्यात कंद, आणि ते घमेलं टबाच्या तळाशी. खत घालणं, कंद काढणं, स्वच्छता सगळं सोपं होतं. खोल अरुंद बादली वापरू नका. या झाडाची मुळं आडवी पळतात, खोलीचा तिला उपयोग नाही.

मिरजमळा
मातीबद्दल मी सांगतो, कारण आपल्या भागात इथेच घोळ होतो.

नर्सरीतली पिशवीबंद माती नको. तिच्यात कोकोपीट, शेणखत, पालापाचोळा असतो. कोकोपीट तरंगून वर येतं, बाकीचं पाण्याखाली सडतं, पाणी काळं पडून वास सुटतो आणि कंद कुजतो. कुमुदिनीला नुसती जड माती लागते. दोन घमेली काळी, एक घमेलं नदीकाठचा पोयटा. उन्हात वाळवून, ढेकळं फोडून चाळून घ्या. लव्हाळ्याच्या गाठी राहिल्या तर पाण्यातही उगवतात.

काळी कुठून आणता ते बघा. वाळवा, मिरज, पलूस पट्ट्यात पाटाच्या आणि उपशाच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेऊन बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या आहेत. उन्हाळ्यात ज्या रानावर पांढरा थर दिसतो, त्या रानाची माती आणू नका. थर दिसत नसेल तरी शंका असेल तर मूठभर माती स्वच्छ पाण्यात घोळवून निवळीचं पाणी ताटलीत वाळवा. तळाशी पांढरं दिसलं की ती माती परत.

बोअरच्या पाण्याचंही तेच. तुमच्या बादलीला, गीझरला पांढरी खपली धरत असेल तर ते पाणी टबात टाकू नका. उन्हाळ्यात रोज पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वरून पुन्हा क्षाराचं पाणी पडतं, असं करत दोन महिन्यांत पानांच्या कडा करपतात. नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस उन्हात ठेवून वापरा, क्लोरीन उडून जातं. जूनपासून पागोळ्यांचं पाणी साठवा, त्याच्यासारखं काही नाही. फक्त पहिल्या दोन पावसांचं सोडून द्या, कौलावरची घाण उतरते.

जलकुंड (कराड)
मिरजमळा यांनी माझं काम हलकं केलं. आता लावणी.

रात्रीच्या कुमुदिनीचा कंद साधारण आक्रोडाएवढा असतो. तो थेट मोठ्या टबात खोल बुडवला तर अंकुर वर येईपर्यंत दमतो, बऱ्याचदा सडतो. म्हणून आधी 15 सेंटिमीटरच्या छोट्या भांड्यात वरच्याच मातीत लावा. अंकुराचं टोक मातीच्या पातळीवर, उघडं. भांडं बादलीत ठेवून मातीवर फक्त 5-8 सेंटिमीटर पाणी. जागा पूर्ण उन्हाची. पाणी कोमट राहिलं पाहिजे, वैशाखात सांगलीत ती चिंता नाही. वाई-महाबळेश्वरकडच्यांनी मात्र मार्चच्या आधी लावू नये.

पाण्यावर चार-पाच पानं तरंगायला लागली की मोठ्या घमेल्यात हलवा, मातीच्या गोळ्यासकट. घमेलं काठापासून चार बोटं कमी भरा. रोप मधोमध. वर दोन सेंटिमीटर धुतलेली वाळू किंवा बारीक खडी, नाहीतर मासे माती उकरतात आणि पाणी गढूळ राहतं. खडीने कोंब झाकू नका. कोंब गाडणं हे या झाडाच्या मरणाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

घमेलं टबात उतरवताना ते आधी बादलीभर पाण्याने भिजवा. कोरडी माती बुडवली की आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि रोप उपटून वर येतं. पहिले पंधरा दिवस घमेल्याखाली विटा ठेवून पाणी 10 सेंटिमीटरच ठेवा. पानं मोठी झाली की विटा काढून 20-25 वर न्या. त्याहून खोल नको.

खत: 10:26:26 हे दाणेदार रासायनिक खत, दहा ग्रॅमची पुडी वर्तमानपत्रात बांधायची आणि घमेल्याच्या कडेने मातीत खोलवर खुपसायची. पूर्ण वाढलेल्या रोपाला अशा तीन पुड्या, दर महिन्याला, तीन वेगवेगळ्या जागी. पाण्यात खत विरघळवू नका, झाडाच्या आधी शेवाळ ते खातं. युरिया तर पाण्याच्या आसपासही नको, मासे जातील. बोनमील (हाडांचा चुरा) सगळे सुचवतात, चांगलंही असतं, पण काही घरांत ते चालत नाही. मग लावणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेट दोन चमचे मातीच्या तळाशी मिसळा.

अंबाघाट
आणि शेणाची स्लरी? ती तर नैसर्गिक.

मिरजमळा
नैसर्गिक असली तरी पाण्यात नको. विरजण लागल्यासारखं होतं पाणी. शेण शेताला ठेवा.

कृष्णाकाठ (सांगली)
डासांचं राहिलं. घरात तान्हं बाळ आहे, डेंग्यूची भीती वाटते.

जलकुंड (कराड)
गप्पी मासे. 250-300 लिटरला आठ-दहा पुरतात, पुढे तेच वाढतात. नगरपालिकेच्या हिवताप विभागात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात. टब भरल्यावर तीन-चार दिवसांनी सोडा. त्यांना खाऊ घालू नका. पोट भरलेला गप्पी अळ्या खात नाही आणि उरलेल्या खाद्याने पाणी हिरवं होतं.

पावसाळ्यात टब तुडुंब भरला की मासे अंगणात. काठाच्या खाली पाच सेंटिमीटरवर एक सेंटिमीटरचं भोक पाडून आतून मच्छरदाणीचा तुकडा लावा.

गप्पी हा घरचा टब सोडून कुठे जाता कामा नये. ओढ्यात, नदीत, कासच्या तळ्यात तर कधीच नाही. तिथल्या बेडकांची अंडी आणि छोटे मासे तो संपवतो.

पठारी (सातारा)
हे शेवटचं वाक्य ठळक करून ठेवावं. रोपांनाही लागू आहे. कासच्या कुमुदिनीची बहीण, निम्फॉइडिस क्रिस्टाटा, अमेरिकेत फ्लोरिडामध्ये शोभेची म्हणून गेली आणि तिथले कालवे झाकून बसली. आपल्याकडे जलपर्णीने कृष्णेचं काय होतं ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. जास्त झालेली रोपं उन्हात वाळवून मग टाका, वाहत्या पाण्यात सोडू नका.

औषधवाली
एक गोष्ट कुणी बोललं नाही. बाळ आज पाळण्यात आहे, पुढच्या उन्हाळ्यात ते धरून उभं राहील. 45 सेंटिमीटरचा टब हा त्या वयाच्या मुलासाठी विहिरीइतकाच धोकादायक. लहान मूल पालथं पडलं तर दोन-तीन बोटं पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. आत्ताच, पाण्याच्या पातळीच्या जरा वर वेल्डेड जाळी बसवून घ्या. दोन इंची चौकोनाची, काठाला तीन-चार ठिकाणी पक्की, मोठ्या माणसाने हाताने दाबून बघितली तर खाली जाता कामा नये. कळ्या जाळीतून वर येतात, एखादी अडकली तर बोटाने वाट करून द्यायची. जाळीचा एक भाग कडीचा ठेवा म्हणजे खत घालता येईल. नुसता कठडा पुरत नाही, मुलं चढतात.

कृष्णाकाठ (सांगली)
हे फार मोलाचं सांगितलंत. जाळी उद्याच सांगते फॅब्रिकेशनवाल्याला.

रानफूल_वाई
माझ्याकडे अंगण नाही, दोन फुटांची खिडकी आणि सकाळचं चार-पाच तास ऊन. मला ती कासवाली छोटी चालेल. दिवसा दिसली तरी हरकत नाही. रोप कुठून आणू?

पठारी (सातारा)
निम्फॉइडिस इंडिका फक्त कासला नसते, देशभर तळ्यांत आहे आणि पाणवनस्पतींच्या नर्सऱ्यांत रीतसर मिळते. तिथूनच घ्या. घेताना फूल बघा: पाकळी पूर्ण केसाळ असेल तर इंडिका. पाकळी साधी आणि तिच्या मधोमध उभी चुणी असेल तर ती क्रिस्टाटा. तीही सुंदर, पण फार फोफावते.

15-20 लिटरचा टब पुरतो, आत 20 सेंटिमीटरचं भांडं, मातीवर 15 सेंटिमीटर पाणी. खत अर्ध्या पुडीपेक्षा जास्त नको, नाहीतर पानंच पानं. नवं रोप करायला बी लागत नाही. मघाशी म्हटलं तसं पानाच्या खाली गाठ असते. पान त्या गाठीसकट, खालचा चार बोटं दांडा ठेवून कापा, गाठ ओल्या चिखलात टेकवा आणि वर दगडाने हलकं दाबा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरते. पान चिखलाखाली गेलं तर मात्र सडतं.

बी धरत नाही अशी तक्रार येते. या झाडात फुलं दोन प्रकारची असतात, काही रोपांत स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, काहींत उलट. एकाच रोपापासून वाढवलेली सगळी एकाच प्रकारची निघतात, म्हणून बी नाही. घरासाठी ते बरंच.

कृष्णाकाठ (सांगली)
कळवते. कंद मिळाला, लव तपासून घेतला, रात्रीचा फोटोही बघितला. घमेल्यात हलवून झालं. आता पाणी पोपटी हिरवं झालंय आणि काही पानांना कडेने अंडाकृती तुकडे कापल्यासारखे गेलेत. पानाखाली बारीक काळे किडेही दिसतात.

जलकुंड (कराड)
तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिरवं पाणी: नव्या टबात होतंच. ऊन आणि अन्न भरपूर, सावली नाही. पाणी बदलू नका. बदललं की नव्या पाण्याबरोबर नवं अन्न येतं आणि पुन्हा हिरवं. पानांनी अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकला की आपोआप निवळतं. तोवर धीर. मोरचूद टाकणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका, मासे आणि झाड दोन्ही जातं.

कापलेले तुकडे: पाणपतंगाची अळी. ती पानाचा तुकडा कापून त्याचं पांघरूण करते आणि त्याखाली राहते. तरंगणारे सुटे तुकडे उलटून बघा, आत सापडेल. हाताने काढा. रोज सकाळी आठवडाभर केलं की संपतं.

काळे किडे: मावा. पाण्याच्या पाइपने जोरात धार मारा, पाण्यात पडले की गप्पी खातात. औषध फवारायचं नाही, निंबोळी तेलही नाही. तेलाचा तवंग पाण्यावर बसतो आणि माशांना हवा मिळत नाही.

अंबाघाट
आमच्याकडे पानं पाण्यावर न तरंगता वर उचलून उभी राहतात. कमळ झालंय का तिचं?

जलकुंड (कराड)
नाही हो. दाटी झाली आहे किंवा पाणी कमी आहे. बाहेरच्या रांगेतली जुनी पानं देठाच्या मुळाशी कापा, पाणी वाढवा. पिवळी पानं तर तशीही आठवड्याला काढत जा, पाण्यात कुजू देऊ नका. पण हिरवी पानं फार काढू नका. पानं कमी म्हणजे फुलं कमी.

आणि 'पानं उत्तम, फूल नाही' असं कुणी विचारण्याआधीच सांगतो: पहिलं ऊन मोजा, सहा तास थेट हवं. ऊन आहे तर खत बघा. खतही आहे तर घमेलं मुळांनी भरलं आहे. याच क्रमाने, कारण बहुतेक वेळा पहिल्यावरच उत्तर मिळतं. भिंतीची सावली श्रावण-भाद्रपदात सरकते, वैशाखातलं ऊन धरून चालू नका.

कृष्णाकाठ (सांगली)
भाद्रपद लागला, चार फुलं येऊन गेली. पांढरीशुभ्र, गौरीच्या दिवशीही एक होतं. आता कोजागिरीचं गणित सांगा. त्या रात्री नेमकं फूल हवं. पौर्णिमेलाच उमलते असं शेजारच्या आजी म्हणतात, खरं का?

जलकुंड (कराड)
अमावस्येलाही उमलते. तिला चंद्र नाही, अंधार पडणं कळतं. पौर्णिमेला आपण बाहेर असतो म्हणून दिसते.

गणित असं. पाण्याखालची कळी टोक खाली-वाकडं करून असते. उमलण्याच्या आदल्या दिवशी ती पाण्याच्या वर येऊन ताठ उभी राहते आणि बाहेरच्या हिरव्या दलांच्या शिवणीत पांढरी रेघ दिसते. ती रेघ दिसली की दुसऱ्या संध्याकाळी फूल. पहिल्या रात्री ते अर्धवट उघडतं, मध्यभागी गोडसर पाण्याचा थेंब साठलेला असतो आणि पराग नसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री पूर्ण ताटासारखं उघडतं. म्हणून कोजागिरीच्या दोन दिवस आधी जी कळी रेघ दाखवेल, ती तुमची. कोजागिरीला तिची दुसरी रात्र असेल.

एकाच कळीवर भिस्त ठेवू नका. खताची पुडी कोजागिरीच्या चार आठवडे आधी घाला, त्यानंतर घमेलं हलवू नका, टबाची जागा बदलू नका, साफसफाईच्या नावाखाली पाणी उपसू नका. मोठ्या रोपाला त्या दिवसांत एका वेळी दोन-तीन कळ्या चालू असतात.

सोनकी
फूल कापून पाळण्याजवळ किंवा चौरंगावर ठेवता येईल का? आमच्याकडे दहा मिनिटांत मिटलं.

जलकुंड (कराड)
कापायचं तर दुसऱ्या रात्री, पूर्ण उघडल्यावर. पहिल्या रात्रीचं कापलं तर मिटतंच. देठ हातभर ठेवा, आत हवेच्या नळ्या असतात, तो लगेच पाण्यात बुडवा. हारवाले आणि सजावटवाले पाकळ्या आणि केसर यांच्या मधल्या खाचेत वितळलेल्या मेणाचे चार-पाच थेंब सोडतात, मेण थिजलं की पाकळ्यांना मिटता येत नाही. मेण कोमट हवं, उकळतं घातलं की पाकळी काळी पडते. तेच फूल घंगाळात तरंगत ठेवलं की सकाळपर्यंत राहतं. नैवेद्याच्या ताटात ठेवू नका.

आणि आटीव दूध चंद्राला दाखवून प्यायचं असतं, टबात सोडायचं नसतं. हसू नका, लोक सोडतात. दुसऱ्या दिवशी मासे पालथे.

औषधवाली
पाहुण्यांची पोरं येतील त्या रात्री. सजावटीसाठी जाळी काढून ठेवायचा मोह होईल. काढू नका.

रानफूल_वाई
थंडीत काय करायचं हिचं? आमच्याकडे डिसेंबरात चांगलंच गारठतं.

जलकुंड (कराड)
दिवाळीनंतर पानं लहान व्हायला लागतात, कळ्या थांबतात. खत तेव्हाच बंद करा. सांगलीत घमेलं टबातच राहू द्या, पाणी भरलेलं असू द्या, फेब्रुवारीअखेर नवी पानं येतात तेव्हा माती बदलून पुन्हा खत सुरू. वाईत डिसेंबरला पानं गेली की घमेल्यातली माती हाताने चाचपा, मुख्य खोडाच्या बुडाशी कडक गोल कंद सापडतील. मऊ लागतील ते फेका. कडक असतील ते धुऊन, ओलसर वाळूत, झाकणाच्या डब्यात घरात ठेवा. वाळू मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये, पण कोरडीही नको, पूर्ण वाळलेला कंद परत फुटत नाही. महिन्यातून एकदा उघडून बघा, बुरशी दिसली की तो एक काढून टाका. डब्यावर जात आणि तारीख लिहा. मार्चमध्ये कोमट पाण्याच्या पारदर्शक बरणीत टाकून उन्हात ठेवले की आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतो, मग पुन्हा छोट्या भांड्यापासून सुरुवात.

एका रोपाला दोन-चार कंद मिळतात. जास्तीचे या धाग्यावर सांगा, वाईचे सांगलीला आणि सांगलीचे वाईला जातील.

कृष्णाकाठ (सांगली)
माझ्याकडचे दोन मी आत्ताच राखून ठेवते. एक रानफूल ताईंना, दुसरा ज्यांच्याकडे ऊन आणि जाळी दोन्ही आहे त्यांना.